माती कुठली?

माझ्या लग्नात इनासकाकांनी मला दगड दिला.

चांदीच्या कागदात गुंडाळलेला, वर लाल रिबीन, आणि हातात घेताच मनगट खाली जावं इतका जड. आचोळ्याच्या हॉलमध्ये आम्ही दोघं स्टेजवर उभे, मागे आहेरवाल्यांची रांग ताटकळलेली, आणि पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला हा म्हातारा माझ्या नवऱ्याला म्हणतोय, "सोडून बघ ना आत्ताच." नवऱ्यानं बिचाऱ्यानं सोडलं. आत हिरवट, मधूनच सोनेरी चमकणारा ओबडधोबड धोंडा. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला आणि माझ्या आईनं डोळेच मिटून घेतले.

"तांब्याचा दगड आहे," काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "खाणीतून मी स्वतः आणलेला. तुमच्या घरात पंखा फिरतो, फोन वाजतो, ते सगळं असल्या दगडांच्या जिवावर. मिक्सर काय, कोणीही देईल."

सासूबाईंनी घरी आल्यावर तो दगड काय आहे याची फारशी चौकशी न करता देवघरात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. मी लाजत लाजत ही गोष्ट काकांना सांगितली, तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हे कट्टर ख्रिस्ती, रोज पहाटे मिस्सा न चुकवणारे. मला वाटलं, दुखावले. मग म्हणाले, "तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग. या देशात खनिज धोरण समजलेली ती पहिली बाई." आणि खरंच वाकून हात जोडले.

हा माणूस असा होता. आपण काहीतरी धरून चालावं आणि यानं आपल्याला तोंडात बोट घालायला लावावं. ते गेले ते नागपूरला, मुलीच्या घरी, अंथरुणात, शांतपणे. बातमी कळली तेव्हा मी सुन्न झाले, पण त्यांनी मला खरा धक्का दिला तो जिवंतपणी, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचा कारखाना म्हणजे गोखिवऱ्यातला पत्र्याच्या छपराचा एक मोठा गाळा. बोटाएवढे सेल बाहेरून यायचे, आमच्या मुली ते ओळीनं लावून धातूच्या पट्टीनं वेल्ड करायच्या, पेटीत बसवायच्या, की झाली बॅटरी. आधी रिक्षावाले न्यायचे. मग पाचूबंदरचे कोळी होडीवरच्या दिव्यांसाठी आणि वायरलेससाठी न्यायला लागले. मालक नंदूशेठ, वसईतल्या जुन्या वाडीवाल्यांच्या घरातला. आजोबांनी केळी आणि पानवेली लावल्या, नातवानं बॅटऱ्या. इनासकाका खरेदी बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. वेल्डिंगच्या टेबलांवर बसणाऱ्या मुली बहुतेक नालासोपाऱ्याच्या, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पगारावर घरं चालायची.

काकांची जगाला विचारायची गोष्ट एकच होती. माती कुठली? कोणी नवा फोन घेऊन आलं की तो हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि विचारायचे, "याची माती कुठली?" समोरचा गोंधळला की स्वतःच उत्तर द्यायचे. कोबाल्ट आफ्रिकेतलं, लिथियम ऑस्ट्रेलियातलं नाहीतर पार दक्षिण अमेरिकेतलं, आणि कुठूनही निघालं तरी शुद्ध व्हायला बहुतेक चीनला जाणार. तिथून सेल होऊन बंदरावर, बंदरावरून गोखिवऱ्याला. "एवढी तर माझी बायकोपण फिरली नाही," असं म्हणून फोन परत करायचे. एकदा भाचीच्या बारशाला, म्हणजे त्यांच्याकडच्या बाप्तिस्म्याला, त्यांनी फादरांच्या हातातल्या माईकची माती विचारली होती. घरच्या बोलीत त्यावर त्यांच्या बहिणीनं त्यांना जे काय सुनावलं ते मला कळलं नाही, आणि काकांनी भाषांतर करायला साफ नकार दिला.

हे वेड त्यांना लागलं झारखंडात. तरुणपणी तिथल्या एका तांब्याच्या खाणीच्या स्टोअरमध्ये ते नोकरीला होते. ती खाण बंद पडली. बाहेरचा धातू स्वस्त मिळतो, मग आपला कशाला खणा, असा त्या वेळचा हिशेब. खाण बंद झाली म्हणजे काय झालं हे ते एकाच क्रमानं सांगायचे. आधी पाववाला गेला. मग सिनेमावाला. मग शाळेतले मास्तर बदली मागायला लागले. शेवटी नर्सबाई दवाखान्याला कुलूप लावून किल्ली काकांच्या हातात देऊन गेली, कारण गावात किल्ली द्यायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. "बंद" हा शब्द त्यांच्यासमोर साधा कपाटाबद्दल जरी उच्चारला तरी ते मान वर करून बघायचे.

आणि त्यांच्या खिशात सुरी असायची. लहानशी, लाकडी मुठीची, फळं कापायची. सेलचा नवा माल आला की काका खोक्यात हात घालून कुठलेही चार-सहा सेल उचलायचे आणि त्यांच्यावरची प्लास्टिकची साल सरळ उभी चिरायचे. आतला धातू उघडा करून चष्म्याजवळ धरायचे. मशीन विजेचा दाब सांगतं, सेलचं वय सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. चिरलेले सेल वाया जायचे. माल देणाऱ्यांना हा अपमान वाटायचा. एक जण तर काजूकतलीचा डबा घेऊन आला होता. त्याच्यासमोरच काकांनी सेल चिरले, माल चोख निघाला, आणि मग त्याच सुरीनं डब्याची दोरी कापून "घ्या, तुमचं तोंड गोड करा," म्हणाले. तो माणूस पांढराफटक पडला होता, त्यानं मुकाट्यानं एक वडी खाल्ली.

मुंबईला एकदा सरकारी बैठक होती. देशाच्या महत्त्वाच्या खनिजांचं धोरण, त्यावर लहान उद्योगवाल्यांचं म्हणणं ऐकायचं होतं. नंदूशेठनं आम्हा दोघांना पाठवलं. गार हॉल, मऊ खुर्च्या, पडद्यावर नकाशे. कुठे लिथियम सापडेल, कुठल्या देशात आपण खाणी घेणार, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं कोबाल्ट परत कसं काढणार, सगळं नीट मांडलेलं. खोटं काही नव्हतं त्यात. काका पहिल्या रांगेत बसून शाळकरी मुलासारखी मान हलवत होते.

शेवटी त्यांनी हात वर केला. "साहेब, सगळं पटलं. खाण शोधायची, खणायची, धातू शुद्ध करायचा, मग सेलचा कारखाना. हे व्हायला वर्षं जाणार. आमचा माल उद्या थांबला तर मधल्या वर्षांत आम्ही काय करायचं?"

मंचावरचे अधिकारी जरा वयस्क होते. त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले आणि म्हणाले, "खरं सांगू? मधल्या वर्षांसाठी माझ्याकडे काही नाही. तुम्ही टिकून राहायचं. तुम्हीच नसलात तर ती खाण कोणासाठी काढायची?"

मला वाटलं, काका आता भडकणार. ते खाली बसले, चष्मा पुसला, आणि घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं मला खरं उत्तर दिलं गं." त्यानंतर टिकून राहायचं हे त्यांनी सरकारी आदेश असल्यासारखं मनावर घेतलं.

आणि माल खरंच थांबला. तिकडे चीनमध्ये काहीतरी परवाने बदलले, माल बंदरावरच अडला, कोणाला नीट काही सांगता येईना. मुली टेबलांवर रिकाम्या बसल्या. नंदूशेठ फोनला चिकटलेला. अशा एका दुपारी काकांनी सगळ्या मुलींना ओळीत उभं केलं आणि एकीच्या हातात लिंबू दिलं.

"तू आफ्रिका. तू ऑस्ट्रेलिया. नसरीन, तू चीन. तू बंदर, तू गोखिवरे. द्या पुढे."

लिंबू या हातातून त्या हातात जात नसरीनकडे पोचलं. नसरीन म्हणजे आमच्या गाळ्यातली सगळ्यात आगाऊ पोरगी. तिनं लिंबू ओढणीत बांधलं आणि म्हणाली, "मैं नहीं देगी. मेरेकू घर पे शरबत बनाना है."

हसून हसून मुलींची पुरेवाट झाली. काका हसले नाहीत. ते नसरीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिनं काय चूक केली? तिच्या हातात आलं, तिला लागलं, तिनं ठेवलं. चूक आपली. आपण सगळ्यांनी एकीच्याच हातातून घ्यायचं ठरवलं." हसू एकदम थांबलं. नसरीननं गाठ सोडून लिंबू टेबलावर ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं, कोणी उचललं नाही.

शेवटी मुंबईचा एक व्यापारी सेल द्यायला तयार झाला. नवीन माल, कागदपत्रं नीट. टेम्पो आला तो नेमका गाळ्याच्या सणाच्या दिवशी. आमच्याकडे वर्षातून एकदा काकांच्या चर्चचे फादर येऊन यंत्रांवर पवित्र पाणी शिंपडायचे आणि नंदूशेठ दारात नारळ फोडायचा. दोन्ही देव खूश राहावेत असा सोयीचा मामला. त्या दिवशी इतक्या दिवसांनी माल आलेला बघून नंदूशेठला इतका आनंद झाला की त्यानं खोकी थेट आत आणून हार घातले, हळदकुंकू लावलं. फादरांनी प्रार्थना म्हणून खोक्यांवर पाणी शिंपडलं आणि वर हात ठेवला. मुली टाळ्या वाजवत होत्या. एक-दोघी रडत होत्या.

फादर गेल्यावर काका खोक्याजवळ आले. सेल उचलला. खिशातून सुरी काढली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. सालीला पातं टेकवलं आणि त्यांचा हात थांबला.

"आत्ता आशीर्वाद झालाय," ते म्हणाले. "त्याला चिरू कसा?"

माझ्या घरी देवघरातल्या दगडाला कोणी हातोडी लावली असती का? त्यांच्या गावात आशीर्वाद दिलेली मेणबत्तीसुद्धा अर्धी मोडत नाहीत, पूर्ण जळू देतात. त्यांनी सुरी पुसून खिशात ठेवली. मशीनवर सगळे सेल तपासले, दाब बरोबर आला. दुसऱ्या दिवसापासून वेल्डिंगच्या ठिणग्या पुन्हा उडायला लागल्या. मासेमारीचा हंगाम तोंडावर होता, पहिल्या सगळ्या बॅटऱ्या पाचूबंदरला गेल्या.

हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. भरदुपारी एक कोळी पोतं घेऊन गाळ्यात आला आणि ते काकांच्या पायाशी ओतलं. काळी, फुगून फुटलेली पेटी. होडीवर पेटली होती. कैतान नावाच्या जवान पोरानं ती हातानं उचलून पाण्यात फेकली म्हणून होडी वाचली. मागून दोरीनं पेटी पाण्यातून ओढून काढली. कैतानचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

काका तिथेच जमिनीवर बसले. फुटलेल्या पेटीतले जरा बरे राहिलेले सेल त्यांनी वेगळे केले आणि एकेकाची साल चिरली. नव्याकोऱ्या निळ्या सालीखाली दुसऱ्याच जुन्या सालीचा चिकटा. टोकावर घासून पुसट केलेले वेल्डिंगचे व्रण. एकदा वापरून टाकलेले सेल, वर नवा कपडा चढवलेले. चार-सहा चिरले असते तरी त्याच दिवशी कळलं असतं. काकांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही, कारण त्यावर काहीच नव्हतं.

"शेठ," ते म्हणाले, "सगळ्या परत आणायच्या. आज."

नंदूशेठ वाईट माणूस नव्हता. कैतानचा दवाखाना मी बघतो, असं तो आधीच म्हणाला होता. पण हे ऐकून तो मटकन बसला. "काका, सगळ्या परत घेतल्या तर गाळा उभा राहील का? व्यापाऱ्याचा फोन लागत नाही. आपण गुपचूप एकेक बदलू. तुम्हीच सांगायचात ना, मधली वर्षं काढायची, टिकून राहायचं?"

"सांगायचो."

"मग?"

काका चिरलेले सेल पोत्यात भरायला लागले. नसरीन पुढे आली. तिचा आवाज चिरका झाला होता. "अंकल, एकच जली ना? बाकी सब चालू हैं ना? गाला बंद हुआ तो हम किधर जाएगा?"

ज्या माणसानं एक अख्खं गाव बंद पडताना पाहिलं होतं, ज्यानं आम्हाला पाववाला-सिनेमावाल्याची गोष्ट सांगून सांगून पाठ करून दिली होती, तो हे करणार नाही अशी माझी खात्री होती. तोच काहीतरी वाट काढेल. त्यांनी नसरीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बंद होईल, बेटा. मला माफ कर." आणि बाहेर जाऊन रिक्षात बसले. मी मागोमाग धावले. मला त्यांचा इतका राग आला होता की रिक्षात मी पार दुसऱ्या कडेला सरकून बसले.

पाचूबंदरला माशांचा लिलाव चालू होता. काका बर्फाच्या उलट्या खोक्यावर चढले. "गोखिवऱ्याहून ज्यांनी बॅटऱ्या नेल्या त्यांनी ऐका. आतले सेल जुने आहेत. कुठलीही पेटेल. तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही."

लिलाव थांबला. असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. आपल्या मालाला आपणच शिव्या घालणारा माणूस तिथेही कोणी पाहिला नसावा. मग एक कोळीण हातातली पाटी खाली ठेवून ओरडली, "मंग आमच्या गल्यान कशाला बांधली?" त्यावर सगळ्या जणी एकदम तुटून पडल्या. काका खोक्यावर उभे राहून ते सगळं ऐकत होते. पुढचे काही दिवस हेच चाललं. होडी किनाऱ्याला लागली की पेटी उतरवायची, बदल्यात गॅरेजांतून गोळा केलेली जुन्या पद्धतीची जड बॅटरी द्यायची. नंदूशेठनं शेवटी पेट्या आणायला स्वतःचा टेम्पो पाठवला, आणि मग गाळा रिकामा केला. मुली गेल्या. नसरीन मला वाटेत भेटली तर मान फिरवून गेली. काकांचं नाव काढलं की नंदूशेठ उठून जायचा.

सगळ्या पेट्या आल्या, एक सोडून. मोजेस नाखवा दुसऱ्या बंदराला मासळी उतरवत होता, तो पाचूबंदरला आला तो नुसता बर्फ आणि पाणी भरायला. मी काकांबरोबर होते. माझी दुसऱ्या कंपनीत नोकरी ठरली होती, मी त्यांचा निरोप घ्यायला गेले होते.

"नाय देनार," मोजेस म्हणाला. "ती तुमची दुसरी बॅटरी जड, तिला पानी लागला का बसते. कैतानची जलली, माजी चांगली हाय. भरती आलीय काका, मना निंघाचा हाय."

काकांनी विनवण्या केल्या. खलाशांना समजावलं. मोजेसनं दोर सोडायला घेतला. तेव्हा काकांनी धक्क्यावरची आग विझवायच्या वाळूची बादली उचलली आणि होडीत उतरले.

"मग मीही येतो."

मोजेस हसायलाच लागला. "तुमाला दर्या सोसल का?"

भाईंदरच्या पुलावरून खाडीकडे बघितलं तरी ज्यांना गरगरायचं ते इनासकाका. सत्तरीला आलेले. मी धक्क्यावरून ओरडले, "काका, उतरा! काही झालं तर?"

"म्हणून तर चाललोय," ते म्हणाले. "काही होणार नाही याची खात्री असती तर घरी जेवलो नसतो का?"

ती होडी सुखरूप परत आली आणि मोजेसनं स्वतःच्या हातानं पेटी उतरवून दिली, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मी काकांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. इंजिन सुरू झालं. काका पेटीशेजारी फळीवर बसले, बादली दोन्ही पायांमध्ये, पेटीच्या झाकणावर पालथा पंजा, गरम होतेय का बघायला. होडी खाडीच्या तोंडाशी पोचली आणि पहिल्या मोठ्या लाटेला वर उचलली गेली. काका कडेला वाकून भडाभडा ओकले. एक खलाशी त्यांना धरायला धावला. त्यांनी मान हलवून त्याला नको म्हटलं, आणि पुन्हा ओकले. पेटीवरचा हात त्यांनी काढला नाही.